शेवटचा चांगला आकडा

चार नंबरचा थ्रेड पाच दिवसांत त्रेचाळीस हजार दोनशे सोळा वेळा मेला होता, हे मला सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कळलं आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे मी आकडा वाचला, परत वाचला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि शेजारचा चहा निवायच्या आत पिऊन टाकला. चहात साखर जास्त होती, हे मात्र लक्षात राहिलं. कॉलेज रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस. सहा माणसं, नऊ कॉम्प्युटर आणि प्रतिभा मॅडम, ज्यांनी स्वतःचे दागिने गहाण ठेवून हा सगळा खटाटोप उभा केला होता. खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. सुरू व्हायची, घरघरायची, बंद पडायची. मी चौदा किका मोजल्या. पंधराव्या किकेला ती सुरू झाली आणि गेली. पुढच्या चौकात ती परत बंद पडली असणार, पण ते मला ऐकू येणार नव्हतं.

थ्रेड म्हणजे काय, हे मी मनीषाला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात समजावलं होतं. नवीन नवऱ्याला आपलं काम फार मोठं वाटत असतं. म्हटलं, प्रोग्रॅम म्हणजे एक घर समज. त्यात आठ जण एकाच वेळी आपापलं काम करताहेत, कोणी कोणासाठी थांबत नाही. त्यांतला एकेक जण म्हणजे थ्रेड. "आणि एखादा मेला तर?" तिने विचारलं. शाळेत शिकवते, त्यामुळे अडचणीचा प्रश्न ती सगळ्यात आधी विचारते. मी म्हटलं, "बाकीचे सात चालू राहतात. त्यांना कळतसुद्धा नाही." तिला ते पसंत पडलं नव्हतं. "हे कसलं हो घर?" म्हणाली आणि कुकर लावायला उठली. मला तेव्हा हसू आलं होतं.

दिंडोरी रोडवर खंडेराव नानांचं कोल्ड स्टोरेज आहे, त्यात आठ चेंबर. हंगामात परदेशी जाणारी द्राक्षं तिथे पेट्यांत भरून ठेवतात, शून्याच्या जरा वर, अर्ध्या डिग्रीवर. माझ्या प्रोग्रॅममधले आठ थ्रेड आठ चेंबरचे. दर दहा सेकंदांनी प्रत्येकाने आपापल्या चेंबरच्या सेन्सरला तापमान विचारायचं आणि आकडा स्क्रीनवर टाकायचा, एवढंच काम. नववा वेगळा. त्याला आम्ही ऑफिसात मुकादम म्हणायचो. मुकादमाने दर दहा सेकंदांनी आठही जणांची हजेरी घ्यायची आणि कोणी मेलेला सापडला तर त्याला तिथल्या तिथे पुन्हा उभा करायचा. का मेलास, असं विचारायचं नाही. मुकादम माझ्या हातचा होता आणि मॅडमना त्याचं फार कौतुक. नवीन गिऱ्हाईक आलं की त्या माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "ह्याने केलेलं बंद पडतच नाही."

आणि खरंच बंद पडलं नव्हतं. झालं एवढंच की आदल्या मंगळवारी चार नंबरच्या आतल्या ब्लोअरवर, म्हणजे गार हवा फेकणाऱ्या पंख्यावर, बर्फ धरला. बर्फामुळे हवा खेळेना आणि चेंबर आतून तापायला लागला. त्याच बर्फाचं पाणी ठिबकून सेन्सरच्या डबीत गेलं. डबी आकड्याऐवजी काहीतरी कचरा पाठवायला लागली. थ्रेडने तो कचरा आकडा समजून वाचायला घेतला आणि मेला. मुकादमाने त्याला उठवला. तो परत विचारायला गेला, परत मेला. दहा सेकंदांनी परत. ही मरामर पाच दिवस चालली होती. स्क्रीनवर मात्र चार नंबरच्या चौकटीत ०.५ होतं, हिरव्या रंगात. कारण मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं की नवा आकडा येईपर्यंत शेवटचा चांगला आकडा दाखवत राहायचं. मुकादम उठवतोय म्हणजे थ्रेड जिवंत, म्हणून रंग हिरवा. भोंगा वाजायची अट होती आकडा दोनच्या वर गेला तर. आकडा कुठेच गेला नव्हता. रविवारी सकाळी कंटेनर लागला, हमालांनी दार उघडलं आणि ते तोंडाला रुमाल लावून मागे सरले. आत सव्वानऊ डिग्री. देठ काळे, मणी मऊ, वर राखाडी बुरशी. चेंबरभर माल गेला.

"रिपोर्ट द्यायचाय," मॅडम सोमवारी दुपारी म्हणाल्या. त्या माझ्या टेबलाच्या कडेला टेकल्या होत्या. अशा त्या कधी टेकत नाहीत. "बुधवारी नानांकडे जायचंय. सेन्सरमध्ये पाणी गेलं, ते खरंच आहे. ब्लोअरवर बर्फ, तेही खरं. त्याखाली एकच वाक्य टाक, की ऑपरेटरने प्रत्यक्ष तपासणी केली नाही." मी म्हटलं, "प्रत्यक्ष तपासणी करायची नाही, असं आपणच सांगितलं होतं त्यांना." मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "भारत, आपल्याकडे अशी तीन कोल्ड स्टोरेज आहेत. आपल्या प्रोग्रॅममुळे चेंबर सडला, हे एकदा मार्केटला कळलं तर बाकीच्या दोघांचे फोन यायला दोन दिवस लागणार नाहीत. पुढे ही पाच पोरं मी काय सांगून घरी पाठवू?" त्या वाईट बाई नाहीत. मी मान डोलावली. त्या गेल्या आणि मी ते वाक्य टाइप केलं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

ऑपरेटर म्हणजे गोरक्ष. सायखेड्याचा, चाळिशीचा, अकरा वर्षं नानांकडे. कोल्ड स्टोरेजच्या आवारातच, जनरेटरच्या मागे, त्याला एक खोली दिलेली आहे. तिथे तो, बायको चांगुणा आणि दोन मुली राहतात. नानांनी रविवारीच सांगून टाकलं होतं म्हणे, की कंपनीचा कागद येऊ दे, त्यात तुझं नाव निघालं तर त्याच दिवशी खोली रिकामी. सगळं आता माझ्या कागदावर येऊन थांबलं होतं, आणि तो कागद मी टाइप करून ठेवला होता. हे मला नीट कळत होतं. हाताला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर कोणी चिमटा काढला तर कळतं ना, तसं कळत होतं.

पण जे कोणालाच माहीत नव्हतं ते निराळं होतं. बुधवारी संध्याकाळी सहाला गोरक्षने मला फोन केला होता. मी डेअरीवर दही घेत उभा होतो. एका हातात दह्याची पिशवी, मोबाइल खांद्याने कानाशी दाबलेला. "साहेब, चार नंबरचं दार हाताला गार लागत नाय." मी विचारलं, "स्क्रीनवर किती आहे?" "पॉइंट पाच." "हिरवा आहे ना?" "हिरवाय." "काल किती होता?" "काल बी पॉइंट पाचच." "मग ठीक आहे की," मी म्हटलं. मग म्हणाला, "बरं साहेब." डेअरीवाल्याने सुट्टे नाहीत म्हणून एक चॉकलेट दिलं. ते मी खाल्लं. तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं, कारण वाटावं असं काही झालंच नव्हतं. बुधवारी संध्याकाळी माल वाचला असता. आत फार तर चार डिग्री झालं असेल.

सोमवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मुकादमाची फाइल उघडली. आपण लिहिलेलं वर्षभराने वाचताना माणूस अनोळखी वाटतो, पण हा वाटला नाही. पहिल्याच ओळीत माझं नाव आणि तारीख होती, २१ फेब्रुवारी २००३. तारखेवर माझी नजर बराच वेळ अडकली. खाली अर्ध्यावर एक ओळ होती, थ्रेड का मेला ते कारण नोंदवून ठेवणारी. तिच्या आधी मी दोन तिरप्या रेघा मारल्या होत्या. दोन तिरप्या रेघा मारल्या की ओळ असून नसल्यासारखी होते. कॉम्प्युटर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. का मारल्या, तेही आठवलं. कारणं फार साठत होती, त्यांनी डिस्क भरून जायची आणि मशीन अडायचं. मेलेल्यांची कारणं ठेवायला जागा नाही, तर कारणं नकोत, मोजदाद तेवढी ठेवू, असा माझा हिशेब. त्या आठवड्यात मला तो बरोबर वाटला होता. कोणाला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, बरोबर आहे.

त्याच महिन्याच्या सोळा तारखेला आमचं बाळ गेलं. गेलं असं म्हणतात, पण ते आलंच नव्हतं. साडेआठ महिने झाले होते. मुलगी होती. एकोणीसला मी ऑफिसात हजर. एकाने खुर्ची पुढे केली. मॅडम म्हणाल्या, "घरी जा रे, दोन आठवडे येऊ नकोस." मी म्हटलं, कामात असलो की बरं वाटतं. माझ्यामागे सगळे मला धीराचा माणूस म्हणायला लागले. ते माझ्या कानावर आलं आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. कोल्ड स्टोरेजचा प्रोग्रॅम तेव्हा नवा होता, थ्रेड पटापट मरायचे आणि गोरक्षचे दिवसातून पाच-पाच फोन: "साहेब, दोन नंबर काळा पडला." "साहेब, आता सात नंबर." चौकट काळी पडली की त्याचा जीव वर-खाली व्हायचा. मी दोन दिवस मान मोडून बसलो आणि मुकादम लिहिला. त्यानंतर काही काळं पडलं नाही. गोरक्षचे फोन बंद झाले. मॅडमनी पेढे आणले, पण सगळ्यांदेखत मला द्यावेत की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी डबा टेबलावर नुसता ठेवला.

घरीही मी तेच केलं. नांदगावहून आई आली होती, विहारातल्या बायका येऊन बसायच्या, रडायच्या, आणि मी सगळ्यांना चहा द्यायचो. मनीषा भिंतीला टेकून बसायची. तिचं दूध येत होतं, ब्लाउज भिजायचा. ती उठायची नाही. मी जाऊन म्हणायचो, "ऊठ, आंघोळ करून घे." ती उठायची. म्हणायचो, "दोन घास खा." खायची. "जरा गॅलरीत उभी राहा." राहायची. आणून ठेवलेली झबली-टोपडी मी एका दुपारी पिशवीत घालून आईबरोबर नांदगावला पाठवून दिली. मनीषाने कपाट उघडलं, रिकामा कप्पा बघितला आणि कपाट लावून घेतलं. पंचेचाळिसाव्या दिवशी ती शाळेत रुजू झाली. ती रिक्षात बसून गेली आणि मी खालून वर येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. जमलं, असं वाटलं मला. घर चालू होतं. तेव्हापासून चालूच आहे. ती सकाळी पोळ्या करते, मी दूध तापवतो, रविवारी जेल रोडच्या बाजारातून भाजी आणतो, लाइटबिल भरतो. कोणी विचारलं, कसं चाललंय, की दोघंही एकदमच म्हणतो, छान.

बाळ का गेलं, हे मला माहीत नाही. हे वाक्य मी असं सरळ मनाशी पहिल्यांदाच म्हटलं, सोमवारी, रिकाम्या ऑफिसात, त्या दोन तिरप्या रेघांकडे बघत. डॉक्टरीणबाईंनी मनीषाला निघताना आत बोलावून दहा-पंधरा मिनिटं काहीतरी सांगितलं होतं. मी बाहेर डिस्चार्जचा फॉर्म भरत होतो. पत्ता, वय, रक्तगट. ती बाहेर आली आणि बाकावर बसली. मी विचारलं, "रिक्षा बोलावू?" त्यानंतर विचारायचं राहून गेलं. एक दिवस राहिलं की दुसऱ्या दिवशी आणखी अवघड होतं, महिन्याने तर ते विचारणंच अघोरी वाटतं. ह्याला तेरा महिने झाले.

आणि आणखी एक होतं. ते मात्र मला पक्कं आठवत होतं, फक्त मी तिकडे जात नव्हतो. चौदा तारखेला सकाळी मी कोल्ड स्टोरेजला मशीन बसवायला निघालो होतो, बूट घालत होतो. मनीषा दारात येऊन म्हणाली, "अहो, कालपासून हलत नाहीये." मी म्हटलं, "परवा तपासणीला ठोके ऐकले ना आपण? ठीक होते ना?" "होते." "मग झालं तर. झोपलं असेल." मी गेलो. दिवसभर गोरक्षला शिकवत होतो. आधी तो दर दोन तासांनी दाराच्या छोट्या खिडकीतून काचेचा थर्मामीटर वाचायचा आणि खडूने दारावर आकडा लिहायचा. त्याशिवाय दाराच्या फटीशी, रबराच्या पट्टीवर तळहात ठेवून आत किती आहे ते सांगायचा, आणि नाना पाहुण्यांना ते करून दाखवायला लावायचे. मी त्याला सांगितलं, "हे सगळं बंद. खडू नाही, हात नाही. आता फक्त स्क्रीन." त्या दिवशी मी खुशीत होतो. पंधराला रात्री आम्ही मनीषाला दवाखान्यात नेलं. तेच वाक्य मी दोघांना म्हटलंय, तेरा महिन्यांच्या अंतराने. काल ठीक होतं ना, मग झालं तर.

मंगळवारी मी एकटा दिंडोरी रोडला गेलो. गोरक्षने चार नंबर धुऊन काढला होता आणि तरी तो आंबूस वास भिंतींत बसला होता. त्याने शिडी लावून सेन्सरची डबी काढली, माझ्या हातात दिली. डबीतून चमचाभर पाणी पडलं. "एवढंच," मी म्हटलं. "एवढंच हाय," तो म्हणाला. आम्ही बाहेर पेट्यांवर बसलो. पलीकडे चांगुणा खोलीसमोर भांडी घासत होती. ती आमच्याकडे बघत नव्हती, पण तिच्या हातातलं एकच पातेलं संपत नव्हतं. मी म्हटलं, "गोरक्षभाऊ, तुम्ही मला फोन केला होता, ते नानांना सांगितलं नाही?" "नाय." "का?" तो तळहात मांडीवर घासत राहिला. "सांगून काय करू साहेब? फोन केला तं केला, पन मंग गप का बसलो? ती चूक माझीच ना. अकरा वर्सं हात लावून सांगतोय. तुमचं मशीन आलं, तवा पहिल्या-पहिल्यांदा चोरून हात लावून बघायचो. मशीनचं आन हाताचं एकच यायचं. लय बरं वाटायचं. त्या दिशी येगळं आलं. तुम्हाला इचारलं, तुम्ही म्हनले ठीक हाय. मंग म्हनलं, आपलाच हात गेला. वय झालं, कातडं जाड झालं." तो हसला. "दुसऱ्या दिशी परत लावला, तं मला गार लागलं साहेब. खरंच लागलं. आत आठ डिग्री असतील तवा."

सिटी बसने परत येताना पंचवटीत बस भरली, कोणाची तरी कोथिंबिरीची पाटी माझ्या गुडघ्यांवर आली, आणि मी ती द्वारका चौकापर्यंत धरून बसलो. पाणी झिरपून पँट भिजली. मला आता काहीतरी वाटायला हवं होतं, हे मला समजत होतं. मी वाट बघत होतो. बसमध्ये बसूनच बस येण्याची वाट बघावी, तसं काहीतरी विचित्र चाललं होतं. घरी गेलो, दूध तापवलं. मनीषाने विचारलं, "पँटला काय झालं?" मी म्हटलं, "कोथिंबीर." तिने मान हलवली. एवढ्याने तिचं समाधान होतं. गेलं वर्षभर आम्ही एकमेकांना एका शब्दात उत्तरं देत होतो आणि ती पुरत होती.

बुधवारी अकरा वाजता नानांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. नाना टेबलामागे, मॅडम आणि मी खुर्च्यांवर, गोरक्ष दाराला चिकटून उभा. मॅडमनी रिपोर्ट वाचला. त्यांचा आवाज चांगला आहे, कुठल्याही कागदाला त्या वजन आणतात. शेवटचं वाक्य आलं आणि त्यांनी ते बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं. नानांनी गोरक्षकडे बघितलं. "काय रे? पाच दिस दारापाशी बसतो तू. तुला काहीच कळलं नाय?" गोरक्ष जमिनीकडे बघत म्हणाला, "नाय नाना." "हात बी नाय लावला?" "नाय."

तो "नाय" म्हणाला ते मला सहन झालं नाही. हे असं लिहिताना मोठं वाटतं. तेव्हा फक्त माझा आवाज मला बाहेरून ऐकू आला. "त्याला कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. बुधवारी सहा वाजता त्याने मला फोन केला, की दार गार लागत नाही." नाना माझ्याकडे वळले. "मंग? तुम्ही काय केलं?" "मी विचारलं, स्क्रीन हिरवा आहे का. तो हो म्हणाला. मी म्हटलं, मग ठीक आहे." मॅडम माझं नाव हळूच म्हणाल्या. मी थांबलो नाही. आकडा खरा नव्हता, तो जुना होता. नवा आला नाही तर जुनाच दाखव असं मी लिहून ठेवलं होतं. थ्रेड मेला की का मेला ते बघायचं नाही, हेही मीच लिहिलं. आणि दाराला हात लावू नको, हेही त्याला मीच शिकवलं. सगळं सांगून झालं. नाना बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "गोरक्ष, जा, पाच नंबरचं लोडिंग बघ." गोरक्ष गेला नाही. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, कौतुकानेही नाही. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस बघतो तसं. "जा म्हनलं ना," नाना म्हणाले. "आन दाराला हात लावून बघ आधी." तेव्हा तो गेला.

परतताना मॅडमनी गाडी थेट मखमलाबाद नाक्यापर्यंत आणली. मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. पण आज माझ्याशी बोलू नकोस." सीबीएसच्या बसस्टँडला त्यांनी मला उतरवलं. नोकरी राहते की जाते, ते मला त्यांच्या पाठमोऱ्या गाडीवरून काही कळलं नाही.

मनीषा शाळेतून आली होती. वार्षिक परीक्षेचे पेपर पलंगावर मांडून तपासत बसली होती. मी इतक्या लवकर घरी, हे तिने घड्याळाकडे बघून नोंदवलं, पण विचारलं नाही. मी चप्पल काढली आणि तिथेच, पलंगाशेजारी फरशीवर बसलो. आणि सांगायला लागलो. थ्रेड, डबीतलं पाणी, गोरक्षचा फोन, दही. एका शब्दात नाही, पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती अधूनमधून टिक करत होती. गोरक्षला दुसऱ्या दिवशी दार गार लागलं, इथे मी आलो, तेव्हा तिचं लाल पेन थांबलं. "लागलं?" तिने विचारलं. "आत आठ डिग्री असताना?" "हो. मी ठीक आहे म्हटलं होतं ना, म्हणून." मी म्हटलं, "मनीषा, तूही मला सांगितलं होतंस. मी बूट घालत होतो."

"दोनदा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे एकदाचंच होतं. मी सगळीकडे शोधलं, चौदा तारीख, सकाळ, दार, बूट. दुसरं कुठेच नव्हतं. "दुसऱ्यांदा संध्याकाळी," मनीषा म्हणाली. ती पेपरांकडे बघत बोलत होती, वर्गात उतारा वाचून दाखवतात तशा आवाजात. "तुम्ही कोल्ड स्टोरेजहून आलात. खूप खुशीत होतात. मी म्हटलं, अजून हलत नाहीये. तुमचा हात धरून पोटावर ठेवला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत, आणि म्हणालात, हे काय, हलतंय की. हसलातसुद्धा." तिने पेनला टोपण लावलं. "मग मला पण हललेलं जाणवलं. रात्रभर हलत होतं."

माझा हात फरशीवर होता. त्या संध्याकाळचा तो मला आठवेना. तळव्याखाली काय होतं, काही होतं का, ऊब, कापड, काहीच नाही. मी तो उचलला आणि कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून तसाच धरून राहिलो, आणि मला रडू यायला लागलं, घशातून, वाईट आवाज करत. मनीषा मला ऊठ म्हणाली नाही. पाणी आणायलाही उठली नाही. ती बसून राहिली, पेपर मांडीवर, आणि मी रडता-रडताच तिला विचारलं, "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं गं तुला, आत?"

तिने पेपर एकावर एक रचून बाजूला ठेवले, पलंगावरून खाली उतरून माझ्यासमोर फरशीवर बसली, आणि सांगायला लागली.